रुळांखाली गिट्टीच का, सिमेंट काँक्रीट का नाही?

नागपुरातल्या अजनीच्या पुलावरून रोज महाविद्यालयात जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, खाली रेल्वेच्या प्रत्येक मार्गावर फोडलेल्या दगडांचा, म्हणजे गिट्टीचा, थर दिसतो, मेट्रोच्या पुलावर मात्र एकही दगड दिसत नाही. मग रेल्वेनेही सिमेंट काँक्रीटचा पक्का तळ करून त्यावर रूळ कायमचे का बसवू नयेत? आणि दर काही वर्षांनी मालगाडी भरभरून नवी गिट्टी आणून टाकतात, तो खर्च वाया जात नाही का?

माझी बहुतेक नोकरी नागपूरच्या आसपासच्या रेलपथाच्या देखभालीत गेली, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. ‘वजन पेलण्यासाठी’ किंवा ‘पाणी निघून जाण्यासाठी’ अशी एका ओळीची उत्तरे नेहमी दिली जातात. ती खरी असली तरी अपुरी आहेत, कारण वजन काँक्रीटही पेलते आणि पाणी नालीतूनही जाते. गिट्टीचा जो गुण दुसऱ्या कोणत्याही स्वस्त पदार्थात सापडत नाही तो असा की, ती रुळाला घट्ट धरून ठेवते आणि तरीही हवी तेव्हा मोकळी करून पुन्हा बसवता येते. प्रत्येक गाडीगणिक मार्ग थोडासा खचतो आणि थोडासा सरकतो. हे गृहीत धरूनच मातीवरचा रेलपथ बांधलेला असतो, आणि त्याला पुन्हा मूळ जागी आणण्याची सोय गिट्टीमुळे राहते. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी वजनाचा हिशेब पाहू. भरलेल्या मालडब्याच्या एका आसावर आज साधारण २३ टन भार असतो, काही मार्गांवर २५ टनही असतो. म्हणजे एका चाकावर साडेअकरा टन. लोखंडी चाक लोखंडी रुळाला जिथे टेकते ती जागा जेमतेम एक-दोन चौरस सेंटिमीटरची असते. एवढा दाब मातीवर थेट आला तर चाक मातीत रुतेल, म्हणून तो पायरीपायरीने पसरवावा लागतो. रूळ तो भार लागोपाठच्या काही स्लीपरांवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळयांवर, वाटून देतो आणि चाकाच्या नेमक्या खाली असलेल्या स्लीपरवर सुमारे चाळीस-पन्नास टक्के भार येतो. काँक्रीटचा स्लीपर पावणेतीन मीटर लांब आणि पावणेतीनशे किलोंहून अधिक वजनाचा असतो. असे स्लीपर दर ६० सेंटिमीटरवर, म्हणजे एका किलोमीटरमध्ये १,६६० बसवलेले असतात. स्लीपरच्या तळाशी पोहोचेपर्यंत दाब दर चौरस सेंटिमीटरला काही किलो एवढाच उरतो. त्याखालचा गिट्टीचा थर मुख्य मार्गांवर ३०० ते ३५० मिलीमीटर जाडीचा असतो. त्यातून भार दगडाकडून दगडाकडे तिरकस वाटेने पसरत जातो आणि मातीच्या वाट्याला त्यातलाही एक भागच येतो. हा थर पातळ झाला की माती दबते, आणि ती सगळीकडे सारखी दबत नसल्यामुळे गाडी डोलू लागते.

येथे गिट्टीचा आकार निर्णायक ठरतो. ज्वारीच्या राशीवर पाय ठेवला तर दाणे बाजूला सरकतात आणि पाय आत जातो. कन्हान नदीतले गोल गोटे रुळाखाली टाकले तर त्यांचेही तसेच होईल. फोडलेल्या दगडाला कडा आणि कोपरे असतात. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या खाचेत अडकतो, भार जितका वाढतो तितकी ही पकड घट्ट होते, आणि कोणत्याही चुन्या-सिमेंटाशिवाय सुटे दगड एक होऊन काम करतात. म्हणूनच भारतीय रेल्वेच्या मानकात गिट्टी यंत्राने फोडलेली, शक्य तितकी चौकोनी, सपाट बाजूंची आणि तीक्ष्ण कडांची असावी असे म्हटले आहे. चपट्या आणि लांबट चिपा ढिगात कितीही चांगल्या दिसल्या तरी चाकाखाली त्या मधोमध मोडतात.

मापाचीही चाळण असते. ६५ मिलीमीटरच्या चाळणीवर पाच टक्क्यांहून अधिक दगड अडकता कामा नयेत, ४० मिलीमीटरच्या चाळणीवर चाळीस ते साठ टक्के राहिले पाहिजेत, आणि २० मिलीमीटरच्या चाळणीतून जवळजवळ काहीच खाली पडू नये. दगड यापेक्षा मोठे असतील तर स्लीपरखाली ते सारखे दाबून भरता येत नाहीत. यापेक्षा बारीक असतील तर दगडांमधल्या पोकळ्या बुजतात. आणि पोकळ्या शिल्लक राहणे हे दगडांइतकेच महत्त्वाचे आहे, कारण सैल गिट्टीच्या एकूण आकारमानात सुमारे चाळीस टक्के पोकळीच असते.

दगडाच्या निवडीत नागपूरची स्थिती विशेष आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची सीमा या शहराजवळूनच जाते. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या दगडाची आहे, आणि शहराच्या पूर्वेला तो संपून त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. पश्चिमेकडच्या खाणींतला घट्ट काळा दगड उत्तम गिट्टी देतो. मात्र काळा दिसणारा प्रत्येक दगड घट्ट नसतो. लाव्हा थंड होताना वाफेचे बुडबुडे अडकून राहिले की दगड सच्छिद्र होतो, पुढे त्या छिद्रांत पांढरी खनिजे भरतात, आणि असा दगड पाणी पितो, काही पावसाळ्यांत कुजतो आणि शेवटी त्याचा मुरूम होतो. खाणीच्या एकाच तोंडावर वरचा थर सच्छिद्र आणि खालचा घट्ट असे नेहमी आढळते. म्हणून गिट्टी घेताना नुसता ढीग मोजून चालत नाही. एखादा दगड हातात घेऊन ताजी फोड पाहावी लागते: रंग एकसारखा गडद आहे का, कडा नखाने झिजते का, पांढरे ठिपके किती आहेत. नंतर प्रयोगशाळेत चौदा किलोंच्या आसपासचा घण ३८० मिलीमीटर उंचीवरून पंधरा वेळा नमुन्यावर पाडतात आणि किती भुगा झाला ते मोजतात. तो वीस टक्क्यांच्या आत असावा लागतो. पोलादी गोळ्यांसह फिरणाऱ्या पिंपातली झीज तीस टक्क्यांच्या आत आणि पाण्याचे शोषण एका टक्क्याच्या आत असावे लागते. या तिन्हींपैकी आपल्या भागात मी पाणी शोषण्याच्या चाचणीकडे सर्वांत आधी पाहत असे, कारण सच्छिद्र दगडाचे बिंग तिथेच फुटते.

आता उष्णतेकडे वळतो. विदर्भात गिट्टीचे सर्वांत अवघड काम हेच आहे, आणि सामान्य माणसाला ते जवळजवळ ठाऊकच नसते.

पूर्वी तेरा मीटर लांबीचे रूळ एकापुढे एक ठेवून मध्ये थोडी फट सोडत असत. उन्हाळ्यात रूळ वाढला की ती फट भरून निघे. गाडीचा तो परिचित ‘खडक्-खडक्’ आवाज त्या फटींचा होता. मात्र प्रत्येक फटीवर चाक आदळे, रुळाची टोके पिचत, खालची गिट्टी भुगा होऊन बसे, आणि मजुरांची निम्मी मेहनत सांधे सांभाळण्यात जाई. आता रूळ वितळजोडाने (वेल्डिंगने) जोडून सलग, काही किलोमीटर लांबीचे करतात. मग वाढणारा रूळ जातो कुठे?

पोलादाचा एक किलोमीटर लांब रूळ ५० अंशांच्या फरकाने सुमारे साडेसत्तावन्न सेंटिमीटर वाढायला पाहतो. लांब रुळाच्या दोन्ही टोकांकडचे साधारण शंभर-एक मीटर अंतर थोडे सरकते आणि तिथे प्रसरण सांधा ठेवलेला असतो. मधला सगळा भाग मात्र तसूभरही वाढू दिला जात नाही. स्प्रिंगच्या कड्या रुळाला स्लीपरशी जखडतात आणि स्लीपरला गिट्टी जखडते. वाढ अडवली की रुळात दाब साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे एक टन नऊशे किलो दाब निर्माण होतो. समजा, रूळ ४० अंश तापमानाला ताणमुक्त करून, म्हणजे त्यात ताणही नाही आणि दाबही नाही अशा स्थितीत, बसवला आहे. नागपूरला मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते आणि उन्हात तळपणारा रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापतो. दुपारी तीनच्या सुमारास रूळ ६५ अंशांवर असेल तर दोन्ही रुळांत मिळून पंचाण्णव टनांचा दाब साठलेला असतो. गाडी नसताना, नुसत्या उन्हाने.

हा दाब रुळाला बाजूला फेकू पाहतो. लांब, सडपातळ वस्तू दोन्ही टोकांनी दाबली की ती मधे वाकते, तसाच हा प्रकार. त्याला अडवतात त्या तीन गोष्टी: स्लीपरच्या तळाचे गिट्टीशी असलेले घर्षण, दोन स्लीपरांच्या मधल्या खणात भरलेली गिट्टी, आणि स्लीपरच्या टोकाबाहेर रचलेला गिट्टीचा खांदा. सरळ मार्गावर हा खांदा साडेतीनशे मिलीमीटर रुंद ठेवतात. वळणावर बाहेरच्या बाजूला तो याहून रुंद लागतो, कारण तिथे रुळाची वाकण्याची दिशा आधीच ठरलेली असते. लोकांना ही टोकांबाहेरची गिट्टी जास्तीची वाटते. रुळाकडेने रोजची पायवाट पडली, शेळ्यांचे कळप चढू-उतरू लागले, की पहिल्यांदा हाच खांदा खाली घसरतो; कुणी घराच्या जोत्यासाठी दोन टोपल्या उचलून नेतो तेही इथूनच. रूळ वाकला की काही क्षणांत सर्पाकार होतो, आणि पुढून येणाऱ्या गाडीला तेव्हा थांबायला अंतर उरलेले नसते. म्हणून रेल्वेच्या हद्दीतली गिट्टी हलवू नका, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो.

या कारणानेच उन्हाळ्यात कडक नियम असतात. रुळाचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की गिट्टी उकरण्याचे कोणतेही काम हाती घेत नाहीत, आणि ताणमुक्त तापमानापेक्षा वीस अंशांनी वर गेले की उष्णतेची गस्त सुरू होते. मे महिन्यातल्या भर दुपारी, डोक्याला उपरणे गुंडाळून, हातात लाल झेंडी आणि पिशवीत फटाका-सिग्नल (चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारा फटाका) घेऊन रुळांमधून चालणारा माणूस आपण पाहिला असेल. तो रुळाच्या कडेवर नजर लावून चालतो. सरळ रेषेत कुठे बोटभर बाक दिसतो का, स्लीपरच्या टोकाशी गिट्टी सरकून फट पडली आहे का, हे तो पाहत असतो. स्लीपरच्या टोकाशी पडलेली ती बारीक फट म्हणजे रूळ हलू लागल्याची खूण असते. हिवाळ्यात उलटे होते: पहाटे रूळ आठ-दहा अंशांवर उतरला की त्याच रुळात प्रत्येकी साठ टनांच्या आसपास ताण येतो आणि वितळजोड तुटण्याची भीती राहते. रूळ तुटला तरी दोन्ही तुकडे फार दूर सरकू न देण्याचे काम पुन्हा गिट्टीकडेच येते.

पाण्याचा विषय याच्या खालोखाल महत्त्वाचा आहे, आणि तोही आपल्या काळ्या मातीमुळे. नागपुरात रेल्वे १८६७ साली आली. त्या काळात मातीकामाची यंत्रे नव्हती; भरावासाठी जवळची माती उकरून टोपल्यांनी टाकत, आणि वर्धा-नागपूर पट्ट्यात जवळची माती म्हणजे काळी कपाशीची माती. शेतकऱ्याला ती प्रिय आहे कारण ती पाणी धरून ठेवते. रेलपथाला ती नको असते, त्याच कारणाने. भिजली की ती फुगते आणि मऊ होते, वाळली की आकसून तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात गिट्टी त्या भेगांत उतरते, पावसाळ्यात माती फुगून गिट्टीत चढते. वर्षानुवर्षे हे चालले की मातीच्या माथ्यावर खळगे तयार होतात, त्यांत पाणी साचून राहते आणि त्या पाण्यावरून गाड्या जात राहतात.

अशा जागी काय होते ते जवळून पाहण्यासारखे असते. दोन स्लीपरांमधला खण फावड्याने उघडा. वरची चार बोटे गिट्टी स्वच्छ, कोरडी आणि खणखणीत असते. त्याखाली दगडांवर राखी रंगाचा लेप दिसू लागतो, आणखी खाली गेले की फावडे दगडावर वाजत नाही, चिखलात रुतते, आणि बाहेर येतो तो काळ्या चिखलात घट्ट बसलेला दगडांचा गोळा. अशा जागी स्लीपर खालून पोकळ होतो. चाक वर येताच तो खाली आपटतो आणि खालचा चिखल उसळून बाजूने वर येतो. चाक गेले की तो पुन्हा वर उचलला जातो आणि पाणी आत ओढतो. रेलपथाचे कामगार याला ‘स्लीपर पंप मारतो’ असे म्हणतात. पावसाळ्यात रुळाच्या पायावर चिखलाचे शिंतोडे आणि उन्हाळ्यात स्लीपरच्या टोकाशी पांढरट पीठ दिसले की, उघडून न पाहताही ओळखावे की इथली गिट्टी मेली आहे. स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगसारख्या जागी, जिथे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण मार्ग एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक चाक रुळाच्या खंडावरून उडी मारून जाते, तिथे हे पीठ फार लवकर तयार होते.

स्वच्छ गिट्टीत पाऊस थांबत नाही. एका मीटर मार्गाला दोन घनमीटरांहून अधिक गिट्टी लागते. त्यात सात-आठशे लिटर पोकळी असते आणि पाणी तिच्यातून खाली उतरते. खालच्या मातीच्या माथ्याला दोन्ही बाजूंना तीसास एक असा उतार ठेवलेला असतो, त्यावरून ते नालीत जाते. हे होण्यासाठी नाली वाहती पाहिजे, आणि शहरी भागात ती कचऱ्याने तुंबते. नवे मार्ग बांधताना आता काळी माती आणि गिट्टी यांच्यामध्ये निवडक, जाडसर मुरमासारख्या पदार्थाचा दाबलेला थर घालतात, त्यामुळे माती वर चढत नाही आणि गिट्टी खाली उतरत नाही. जुन्या भरावांवर हा थर घालायचा तर चालू मार्ग उकरावा लागतो, म्हणून तिथे गिट्टीची राखण अधिक करावी लागते.

गिट्टी घाण होण्याची आणखी दोन कारणे आहेत. एक तर दगड एकमेकांवर घासून स्वतःच झिजतात. कितीही कठीण दगड असला तरी लाखो टन भार वरून गेल्यावर कडा गोल होतात आणि त्या कडांचा भुगा पोकळीत बसतो. दुसरे, आपल्याकडे कोळसा. चंद्रपूर-वणीच्या खाणींतून वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या उघड्या डब्यांतून बारीक कोळसा सांडत राहतो. कोळशाची भुकटी हलकी आणि बारीक असते, ती पोकळीत शेवटपर्यंत उतरते आणि भिजली की पाणी सोडत नाही. कोळसावाहू मार्गावरची गिट्टी इतर मार्गांपेक्षा लवकर तुंबते हे प्रत्येक रेलपथ अभियंत्याच्या परिचयाचे आहे.

त्यामुळे ‘पुन्हा पुन्हा गिट्टी का टाकता’ याचे उत्तर असे: जुनी सगळी फेकून नवी टाकत नाहीत. साधारण दहा वर्षांतून एकदा, किंवा स्लीपरखालचा स्वच्छ थर १५० मिलीमीटरपेक्षा कमी उरला की त्याआधीही, गिट्टी चाळण्याचे यंत्र मार्गावर आणतात. त्याची साखळी स्लीपरखालून फिरते, सगळी गिट्टी खरवडून वर नेते, चाळणीवर हलवते, माती-भुगा बाजूला फेकते आणि चांगला दगड पुन्हा खाली सोडते. जेवढा भुगा निघाला तेवढी तूट पडते, आणि ती भरून काढण्यासाठी हॉपर डब्यांतून, म्हणजे खालून रिकाम्या होणाऱ्या डब्यांतून, नवी गिट्टी येते. तोच दगड असा पुन्हा पुन्हा कामाला येतो.

मार्ग खचला असेल तर टॅम्पिंग यंत्र लागते. हे यंत्र रूळ आणि स्लीपर एकत्र उचलून ठरलेल्या पातळीला धरते, स्लीपरच्या दोन्ही बाजूंना पोलादी दांड्या गिट्टीत खुपसते आणि सेकंदाला पस्तीस कंपने देत दगड स्लीपरखाली दाबून भरते. काही मिलीमीटरांची दुरुस्ती काही सेकंदांत होते, आणि त्याच मार्गावरून त्याच रात्री गाडी जाते. पूर्वी हेच काम टोळीतली माणसे बीटर (गिट्टी ठोकून भरण्याचे हत्यार) घेऊन, मुकादमाच्या आवाजाच्या तालावर करीत. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवावा लागतो, ती उंचीही वेग बदलला की बदलावी लागते, आणि ती बदलता येते ती खाली सुटे दगड असल्यामुळेच.

येथे प्रवाशांच्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर देऊन टाकतो. ‘नवीन गिट्टी टाकली, काम झाले, तरी गाडी रांगत का जाते?’ नुकतीच चाळलेली किंवा उकरलेली गिट्टी दिसायला सुंदर असली तरी सैल असते. तिची पकड उतरलेली असते आणि वर सांगितलेला उष्णतेचा दाब अडवण्याची तिची ताकद कमी झालेली असते. काही गाड्या तिच्यावरून हळू जाऊ द्याव्या लागतात, किंवा कंपन देणाऱ्या यंत्राने ती बसवून घ्यावी लागते, आणि मगच वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. ती वेगमर्यादा आळसामुळे नसते.

सिग्नलचाही गिट्टीशी संबंध आहे. अनेक ठिकाणी दोन्ही रुळांतून अगदी कमी दाबाची वीज खेळवून त्या भागात गाडी आहे की नाही हे ओळखतात. गाडीची चाके आणि आस दोन्ही रूळ विजेने जोडतात आणि सिग्नल लाल होतो. कोरडी, स्वच्छ गिट्टी वीज वाहू देत नाही. चिखलाने भरलेली ओली गिट्टी वीज गळू देते, यंत्रणेला तिथे गाडी असल्यासारखे वाटते आणि गाडी नसतानाही सिग्नल लालच राहतो. पावसाळ्यात गाडी स्टेशनाबाहेर विनाकारण उभी राहिल्यासारखी वाटते, त्यामागे कधीकधी हे कारण असते.

आता काँक्रीटचा प्रश्न. मेट्रोचा मार्ग पुलावर आहे आणि पुलाचे खांब खोल पायावर उभे आहेत; तिथे खालची जमीन दरवर्षी फुगत-आकसत रूळ हलवत नाही. उलट, पुलावर गिट्टी टाकली असती तर प्रत्येक मीटरमागे तीन टनांहून अधिक निव्वळ दगडाचे ओझे पुलाला जन्मभर वाहावे लागले असते, आणि त्यासाठी तुळया व खांब जाड करावे लागले असते. मेट्रोच्या गाड्या हलक्या, एकाच प्रकारच्या आणि ठरावीक वेगाच्या असतात, आणि देखभालीला रात्रीचे मोजके तास मिळतात. तिथे काँक्रीटवर रूळ बसवणे हाच योग्य निर्णय आहे. लांब बोगद्यांतही तो योग्य ठरतो, कारण तळ खडकाचा असतो आणि आत यंत्रे नेऊन गिट्टी चाळणे कठीण असते. फलाटालगत जिथे गाड्या धुतल्या जातात तिथे रेल्वेनेही काँक्रीटचा तळ केलेला असतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग काँक्रीटच्या फरशांवरच बांधला जात आहे, कारण ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला गाडीखालच्या वाऱ्याने गिट्टीचे दगड उडण्याची भीती असते आणि त्या वेगाला रुळाची मिलीमीटरभर चूकही चालत नाही.

काळ्या मातीच्या भरावावरच्या आपल्या मुख्य मार्गाचे गणित वेगळे आहे. तिथे काँक्रीटचा तळ केला आणि दोन पावसाळ्यांनंतर एका बाजूने तो तीन सेंटिमीटर खचला, तर तो टॅम्पिंग यंत्राने उचलता येत नाही. रूळ बसवणीत थोडी जुळवाजुळव करता येते, तिची मर्यादा संपली की काँक्रीट फोडावे लागते, खालची माती सुधारावी लागते, नवे काँक्रीट ओतावे लागते आणि ते कठीण होईपर्यंत दिवसचे दिवस थांबावे लागते. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही दिशांची वाहतूक नागपुरातून जाते. इथे दुरुस्तीला मार्ग मिळतो तो तीन-चार तासांसाठी, तोही महत्प्रयासाने. गिट्टीचा मार्ग तेवढ्या वेळात उघडून, दुरुस्त करून, पुन्हा चालू करता येतो. अतिवृष्टीत भराव वाहून गेला तर माती आणि गिट्टी भरून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गाडी सोडता येते, वेग कमी ठेवून का होईना.

काँक्रीटचा आणखी एक दोष म्हणजे कडकपणा. गाडीखाली रूळ किंचित दबून परत वर आला पाहिजे. तसे झाले नाही तर धक्का रूळ, चाक आणि कड्या यांना सोसावा लागतो आणि आवाजही वाढतो. काँक्रीटच्या मार्गावर हा लवचीकपणा रबराच्या गाद्या विकत घेऊन आणावा लागतो. गिट्टीत तो मुळातच असतो, आणि त्या रबराप्रमाणे तो काही वर्षांत ताठरत नाही, फक्त पोकळ्या स्वच्छ ठेवाव्या लागतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जिथे तळ खडकाचा किंवा पुलाचा आहे तिथे काँक्रीट वापरावे, आणि जिथे तळ मातीचा आहे तिथे, विशेषतः आपल्या काळ्या मातीवर, मालगाड्यांच्या मार्गाला गिट्टीच ठेवावी. पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी गिट्टीखालच्या मुरमाच्या थरावर आणि दोन्ही बाजूंच्या नाल्यांवर खर्चावेत, कारण तो थर आणि त्या नाल्या धड असतील तर वरची गिट्टी चाळायची पाळीच उशिरा येते.